‘तिथलं’ ऑपरेशन आणि सात दिवसांचं पॅकेज

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका मुलींच्या हॉस्टेलवर कार्यक्रम होता. स्त्रीरोगतज्ज्ञ बाई येणार, तासभर बोलणार, मग प्रश्नोत्तरं. आता अशा कार्यक्रमात हात वर करून कोण प्रश्न विचारणार? म्हणून रेक्टर मॅडमनी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा फिरवला. चिठ्ठी लिहा, नाव नको, टाका आत. मी बातमीसाठी गेले होते आणि मागच्या रांगेत बसले होते. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, पीसीओडी, अंगावरून पांढरं जाणं हे नेहमीचे प्रश्न झाले. मग डॉक्टरांनी एक चिठ्ठी उघडली, आधी मनात वाचली आणि नंतर मोठ्याने वाचली. ‘माझं खालचं नॉर्मल नाहीये. बँकॉकला ऑपरेशन करून मिळतं असं एका रीलमध्ये पाहिलं. किती खर्च येतो? घरी कळेल का?’

हॉलमध्ये खसखस पिकली. दोन सेकंदच. मग एकदम शांतता. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी डबा टेबलावर उलटा केला, चिठ्ठ्या चाळल्या आणि त्यातून आणखी चार बाजूला काढल्या. शब्द वेगळे, पण प्रश्न तोच. बँकॉक एकाच चिठ्ठीत होतं. ‘नॉर्मल’ हा शब्द पाचही चिठ्ठ्यांत होता.

ती चिठ्ठी लिहिणारी कोण हे मला माहीत नाही आणि शोधायचंही नाही. पण तिला तिच्या प्रश्नाचं नीट, सविस्तर उत्तर मिळायला हवं असं तेव्हापासून डोक्यात आहे. तुमच्यापैकी कुणाच्या मनात असा प्रश्न असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. आणि मुलांनो, पान उलटू नका. तुमचाही यात संबंध आहे, तो पुढे येईलच.

आधी नावं

आपल्या घरात या अवयवाला नावच नसतं. ‘तिथे’, ‘खाली’, ‘शूची जागा’, फार तर ‘प्रायव्हेट पार्ट’. ज्याला नाव नाही त्याच्याबद्दल विचारायचं कसं? गंमत अशी, की आपल्याकडे एक धड शब्द नाही आणि सौंदर्यशस्त्रक्रियेच्या बाजारात मात्र डझनभर आहेत. ‘डिझायनर व्हजायना’, ‘रिज्युव्हेनेशन’, ‘इंटिमेट मेकओव्हर’. लेबियाप्लास्टीच्या एका प्रकाराला तर चक्क ‘बार्बी’ म्हणतात. बाहुलीला तिथे काहीच नसतं, म्हणून.

तर सरळ सांगायचं तर असं. बाहेरून दिसतो तो सगळा भाग म्हणजे व्हल्वा, मराठीत योनीमुख. आत जाणारा मार्ग म्हणजे योनी, व्हजायना. आपण सर्रास सगळ्यालाच व्हजायना म्हणतो, ते चूक आहे. व्हल्वाला बाहेरच्या बाजूला दोन जाडसर ओठ असतात आणि त्यांच्या आत दोन पातळ ओठ. त्यांना लेबिया म्हणतात. आतले ओठ कापून लहान करणं म्हणजे लेबियाप्लास्टी. योनीमार्ग शिवून ‘घट्ट’ करणं म्हणजे व्हजायनोप्लास्टी. योनिपटल, म्हणजे हायमेन, शिवणं म्हणजे हायमेनोप्लास्टी. शिवाय लेझर, इंजेक्शनं, रंग उजळ करायचे लेप हे सगळं वेगळंच.

हा प्रकार छोटा नाही. प्लास्टिक सर्जन्सची ‘इसाप्स’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना दरवर्षी जगभरातल्या शस्त्रक्रियांचा अंदाज काढते. २०१९ साली तिच्या अंदाजानुसार वर्षभरात एक लाख ६० हजारांहून जास्त लेबियाप्लास्टी झाल्या. आणि त्यातल्या बऱ्याच जणी हे आपल्या गावात, आपल्या डॉक्टरकडे करत नाहीत. का करतील? ओळखीचं कोणी वेटिंग रूममध्ये भेटलं तर? त्यापेक्षा सुट्टीवर जायचं, समुद्रकिनाऱ्याचे फोटो टाकायचे आणि काम उरकून परत यायचं. कॉस्मेटिक सर्जरीच्या वाटा ठरलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियातून थायलंड. ब्रिटनमधून तुर्कस्तान आणि पूर्व युरोप. अमेरिकेतून मेक्सिको, कोलंबिया, डॉमिनिकन रिपब्लिक. भारत या नकाशावर दोन्ही बाजूंनी आहे. दिल्ली-मुंबईतल्या क्लिनिक्सना परदेशी पेशंट हवे असतात, त्यासाठी सरकारने ई-मेडिकल व्हिसाही सुरू केलेला आहे. आणि इकडून थायलंडला जायचं तर नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांसाठी व्हिसाची अट सैल झाली, मुंबईहून विमानाला साडेचार तास. चिठ्ठीवालीला बँकॉकच सुचलं ते उगाच नाही.

मेलबर्न ते फुकेत आणि परत

माझी एक मैत्रीण मेलबर्नला मास्टर्स करत होती. तिची फ्लॅटमेट ऑस्ट्रेलियन, वय २२. ती सेमिस्टर ब्रेकमध्ये फुकेतला गेली. पॅकेज होतं सात दिवसांचं. एअरपोर्टवरून गाडी, हॉटेल, ऑपरेशन, एक तपासणी आणि उरलेल्या दिवसांत ‘रिलॅक्स’. सगळी बोलणी एका एजंट बाईशी व्हॉट्सअ‍ॅपवर झाली होती. सर्जनला ती पहिल्यांदा भेटली ती ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, दहा-बारा मिनिटं. ‘का करायचंय?’ हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नाही. कितीचं, एवढंच ठरलं.

ऑपरेशन झालं. फार वेळ लागला नाही. त्रास पुढचा. ही जागा अशी आहे की तिच्यावर आपण बसतो, तिच्यातून लघवी करतो, चालताना ती घासली जाते. तिथे रक्तपुरवठाही भरपूर, त्यामुळे सूज जबरदस्त येते. सातव्या दिवशी ती नऊ तासांच्या विमानात बसली. बसली म्हणजे एका कुशीवर कलून राहिली. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी एका बाजूचे टाके उसवले. माझ्या मैत्रिणीने फ्रीजरमधली मटारची पिशवी टॉवेलात गुंडाळून दिली, दुसरं काय करणार? क्लिनिकला फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘नॉर्मल डिअर, कीप ड्राय.’ पुन्हा नॉर्मल! शेवटी तिला तिथल्या इमर्जन्सीत नेलं. तिथल्या डॉक्टरांपुढे ऑपरेशनचा कसलाही कागद नव्हता. नेमकं किती कापलं, कुठल्या पद्धतीने, भूल कसली दिली, अँटिबायोटिक कोणतं, काहीच नाही. जखम भरायला तीन महिने गेले. एका बाजूला व्रण राहिला, तो जीन्स घातली की दुखतो.

तुम्ही म्हणाल, एका मुलीचं वाईट झालं म्हणून सगळंच वाईट का? बरोबर आहे. अनेकींचं ऑपरेशन व्यवस्थित होतं आणि त्या समाधानी असतात, हेही खरं. थायलंडमध्ये उत्तम सर्जन आहेत. अडचण सर्जनच्या देशाची नाहीच. अडचण आहे ती पॅकेजच्या हिशेबाची. लेबियाप्लास्टीनंतर पूर्ण बरं व्हायला साधारण सहा आठवडे धरतात. तेवढे दिवस सायकल नाही, टॅम्पॉन नाही, सेक्स नाही. टाके उसवणं, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जास्त कापलं जाणं, नंतर संवेदना कमी होणं किंवा संबंधाच्या वेळी दुखणं, हे या ऑपरेशनचे माहीत असलेले धोके आहेत. यातले बरेचसे पहिल्या एक-दोन आठवड्यांत कळतात किंवा त्याहून उशिरा. म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा सर्जन एका देशात असतो आणि पेशंट दुसऱ्या. सुट्टी सात दिवसांची असते म्हणून जखम सात दिवसांत भरत नाही.

परदेशात ऑपरेशन करणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या ‘सीडीसी’ या सरकारी आरोग्यसंस्थेच्या सूचना आहेत. छाती-पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान दहा दिवस विमानप्रवास नको, असं त्यात आहे. कारण तासन् तास एका जागी बसलं की पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका असतो, ऑपरेशननंतर तो आणखी वाढतो. आता कोणी म्हणेल, हे ऑपरेशन तर छोटं आहे. छोटं आहेच. पण पॅकेजमध्ये ते एकटं क्वचित येतं. ‘एवढ्या लांब आलाच आहात तर लायपोसक्शनही करून घ्या, दोन्हीवर डिस्काउंट.’ साडीच्या दुकानात ब्लाउजपीस खपवतात तसं. आणि जीव जातो तो बहुधा या जोडीच्या ऑपरेशनांत. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये कॉस्मेटिक सर्जरीनंतर २००९ ते २०२२ या काळात ९३ अमेरिकन नागरिक दगावल्याची नोंद सीडीसीने केली आहे. त्यात चरबी किंवा रक्ताच्या गुठळ्या फुप्फुसात अडकणं हे मोठं कारण होतं. २०२३ मध्ये मेक्सिकोतल्या मातामोरोस या सीमेवरच्या शहरात दोन क्लिनिक्स बंद करावी लागली. तिथे पाठीत भूल देऊन कॉस्मेटिक ऑपरेशनं व्हायची, आणि त्या भुलेतून बुरशी थेट मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली होती. सर्जनचा हात कितीही सफाईदार असो, भूल देणाऱ्याची सुई कुठली हे पेशंटला कुठे दिसतं?

एक गोष्ट मात्र कोणी फारशी बोलत नाही, आणि माझ्या मते कॉलेजातल्या मुलींसाठी ती सगळ्यात मोठी आहे. एजंट कोटेशन देण्याआधी फोटो मागतो. चेहऱ्याचा नाही, ‘तिथला’. मुली पाठवतात, कारण समोरून ‘मेडिकल टीम’ असं नाव दिसतं. तो फोटो कुठल्या देशातल्या कुठल्या फोनमध्ये पडून राहतो, ‘बिफोर-आफ्टर’ म्हणून कुठे चिकटवला जातो, एजंटने नोकरी सोडल्यावर त्याचं काय होतं, याचा पत्ता कुणालाच नसतो. आपल्याच वर्गातल्या मुलाला आपण असा फोटो पाठवणार नाही. मग हा माणूस कोण?

सात मिलिमीटर ते पाच सेंटिमीटर

आता मूळ मुद्दा. ‘नॉर्मल.’

२००५ साली लंडनमध्ये डॉक्टरांनी ५० बायकांची मोजमापं घेतली. आतल्या ओठांची रुंदी सात मिलिमीटरपासून ५० मिलिमीटरपर्यंत निघाली. म्हणजे नखाएवढी ते पाच सेंटिमीटर, सगळ्या निरोगी. रंगही वेगवेगळे, आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद असणं अगदी सामान्य. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुसर्न इथून याहून मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १५ ते ८४ वयाच्या ६५७ जणी. निष्कर्ष असा, की फरक इतके आहेत की ‘नॉर्मल’ असं एक माप सांगताच येत नाही. दोन बाजू सारख्या नसणं, आतले ओठ बाहेर डोकावणं, वयात येताना त्यांचा आकार नि रंग बदलणं, हे सगळं त्यात आलं. २०११ मध्ये लंडनच्याच डॉक्टरांनी ओठ कमी करून मागायला आलेल्या ३३ जणींची मोजमापं प्रसिद्ध केली. सरासरी वय २३. सगळ्याच जणी आधीच्या अभ्यासांतल्या मापांच्या आतच होत्या.

मग हे खूळ आलं कुठून? पोर्न हे उत्तर तुमच्या तोंडावर असेल, आणि ते खरंही आहे. पण ऑस्ट्रेलियातली गोष्ट त्याहून विचित्र आहे. तिथे कुणालाही विकता येणाऱ्या मासिकांत नग्न फोटो छापायचे तर जननेंद्रियांचे तपशील दिसता कामा नयेत, असे वर्गीकरणाचे नियम होते. मग प्रकाशकांनी काय केलं? आतले ओठ फोटोशॉपने पुसून टाकले आणि तिथे एक सरळ रेघ ठेवली. २०१० मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीवरच्या एका कार्यक्रमात हे उघड दाखवलं गेलं. म्हणजे अश्लीलता नको म्हणून केलेल्या नियमामुळे एक अशी बाई तयार झाली जी जगात नव्हतीच, आणि मुली आरशात स्वतःला तिच्याशी ताडून पाहू लागल्या. त्याच देशात सरकारी आरोग्य विम्यातून होणारी अशी ऑपरेशनं दहा वर्षांत दुपटीहून जास्त वाढली. शेवटी २०१४ मध्ये नियम कडक करावे लागले. ब्रिटनमध्ये २०१५-१६ या एका वर्षात सरकारी इस्पितळांत १८ वर्षांखालच्या २००हून जास्त मुलींची लेबियाप्लास्टी झाली. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘आरसीओजी’ या संस्थेने २०१३ मध्येच सांगून ठेवलं होतं की १८च्या आत हे साधारणपणे करू नये, शरीराची वाढ चालू असते.

यातून काही चांगलंही निघालं. मेलबर्नमधल्या महिला आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये ‘लेबिया लायब्ररी’ उघडली. खऱ्या बायकांचे, काहीही न पुसलेले फोटो. बघा आणि ठरवा. मेलबर्नचंच आणखी एक सांगायचं तर क्लिटॉरिसचा आतपर्यंत पसरलेला खरा आकार नीट मांडणारा शोधनिबंध तिथल्या युरॉलॉजिस्ट हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. १९९८! माणूस चंद्रावर जाऊन येऊन २९ वर्षं झाली होती. ज्या भागाची शरीररचना इतक्या उशिरा नीट कळली, तिथे सौंदर्यासाठी सुरी फिरवायची घाई मात्र सगळ्यांना.

आता ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून कॉस्मेटिक ऑपरेशनआधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते, स्वतःच्या शरीराबद्दल विकृत न्यूनगंड तर नाही ना याची चाचपणी करावी लागते आणि संमतीनंतर किमान सात दिवस थांबावं लागतं. विचार बदलायला वेळ मिळावा म्हणून. फुकेतच्या पॅकेजमध्ये या सात दिवसांत ऑपरेशन होऊन तुम्ही परतलेल्याही असता.

लेझरचंही थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडे शहरोशहरी त्याच्या जाहिराती दिसतात. २०१८ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या ‘एफडीए’ने जाहीर इशारा दिला. योनीच्या ‘रिज्युव्हेनेशन’साठी ही यंत्रं मंजूर केलेली नाहीत, आणि भाजणं, व्रण, कायमची वेदना अशा तक्रारी आल्या आहेत. आणि ‘तिथे गोरं’ करण्याच्या लेपांबद्दल तर बोलायलाच नको. २०१२ मध्ये आपल्या टीव्हीवर अशा एका ‘इंटिमेट वॉश’ची जाहिरात आली होती, तुम्ही तेव्हा शाळेत असाल. तो गडदपणा हार्मोन्समुळे असतो. मळ नव्हे तो.

जे शिवून परत येत नाही

चिठ्ठ्यांपैकी एक वेगळी होती. ‘लग्नाआधी टाके घालून घेतात ते इथे होतं की बाहेर जावं लागतं?’ तिचा अर्थ कळायला मला जरा वेळ लागला.

हायमेनोप्लास्टी. यासाठी प्रवास करणाऱ्या मुलींची कारणं सौंदर्याची नसतात, भीतीची असतात. हायमेन म्हणजे डब्याला लावलेलं सील नव्हे. ती योनीच्या तोंडाशी असलेली त्वचेची कडा असते, लवचीक, प्रत्येकीची वेगळी, काहींना जन्मतःच जवळजवळ नसलेली. पहिल्या संबंधात अनेकींना रक्त येतच नाही. तपासून कुणीही, कितीही मोठा डॉक्टर असो, या मुलीने संबंध ठेवलेत की नाही हे सांगू शकत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी मिळून कौमार्य चाचणी बंद करा असं आवाहन केलं, त्याचा आधार हाच. आणि टाके घातले तरी पहिल्या रात्री रक्त येईलच याची हमी नाही. म्हणजे ज्या कारणासाठी हे करायचं ते कारणही भागत नाही.

ब्रिटनने २०२२ मध्ये कायदाच केला. कौमार्य चाचणी आणि हायमेनोप्लास्टी, दोन्ही गुन्हा. करणारा, करून देतो म्हणणारा, त्यासाठी मदत करणारा, सगळ्यांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा. आणि हा कायदा विमानात बसून चुकवता येत नाही. ब्रिटिश नागरिकाने किंवा तिथल्या रहिवाशाने परदेशात जाऊन केलं तरी तो गुन्हाच. हे कलम मुद्दाम घातलं, कारण ‘सुट्टीत मायदेशी नेऊ आणि उरकून आणू’ ही पळवाट सुंतेच्या प्रथेत आधीच दिसली होती. फ्रान्सने २०२१ मध्ये डॉक्टरांनी कौमार्याचं प्रमाणपत्र देण्यावर बंदी घातली, एक वर्ष कैद आणि १५ हजार युरो दंड.

आणि आपण? आपल्याकडे हायमेनोप्लास्टीवर बंदी नाही. पण तिची गरज निर्माण करणारी माणसं आपल्याच आसपास आहेत. कंजारभाट समाजात नव्या नवरीची कौमार्य चाचणी, पांढरी चादर, पंचांसमोर सकाळी नवऱ्याने द्यायचा निकाल, हे पुणे-पिंपरीत चालत होतं. त्याविरुद्ध ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ म्हणून उभी राहिली ती त्याच समाजातली, तुमच्याच वयाच्या आसपासची मुलं-मुली. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीतल्या एका लग्नात त्यातल्या तिघांना मारहाण झाली. वर्षभराने, फेब्रुवारी २०१९ मध्ये, राज्य सरकारने जाहीर केलं की अशी चाचणी हा लैंगिक अत्याचार मानला जाईल.

‘ते त्यांच्यात असतं’ असं मनात आलं असेल तर थांबा. तुमच्यापैकी जे एमबीबीएसला आहेत त्यांच्या सीनिअर्सनी ‘कौमार्याची लक्षणं’ परीक्षेसाठी पाठ केली आहेत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी याला शास्त्रीय आधार नाही हे मांडलं, मग २०१९ मध्ये नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने ते अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टू-फिंगर टेस्ट करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं सांगितलं. आणि तरी २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात ही ‘लक्षणं’ परत आली! आरडाओरडा झाला आणि सप्टेंबरमध्ये तो अभ्यासक्रम मागे घेतला गेला.

मुलांनो, तुमचा संबंध आहे म्हटलं होतं तो इथे. पहिल्या रात्री रक्त आलं पाहिजे हे ज्याच्या डोक्यात आहे, त्याच्यासाठी कुणीतरी मुलगी कर्ज काढून टाके घालते. आणि ‘तिचं कसं दिसतं’ यावर ग्रुपवर पडलेला एक जोक ज्या मुलीपर्यंत पोचतो, ती त्या रात्री काय सर्च करते याची कल्पना करा.

मग काहीच करायचं नाही का?

असं नाही. खरंच दुखत असेल, सायकल चालवताना, पळताना, पोहताना ओठ घासून जखमा होत असतील, एक बाजू फारच मोठी असून त्रास होत असेल, तर त्यावर उपचार आहेत आणि ते मागण्यात लाज नाही. काही वेळा सैल सुती कपडे, सीट बदलणं, साधं मलम एवढ्यावर भागतं. काही वेळा ऑपरेशन हेच उत्तर असतं. पण पहिली पायरी एजंट नव्हे, स्त्रीरोगतज्ज्ञ. त्याही ओळखीच्या नको असतील तर शेजारच्या शहरात जा, सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जा. तुम्ही १८ पूर्ण असाल तर तपासणीची संमती तुमची आहे, आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांवर बंधन आहे.

तरीही पुढे जाऊन ऑपरेशन करायचंच ठरवलं, इथे किंवा बाहेर, तर सर्जनचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक मागा. इथला असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद तपासता येते. भूल कोण देणार ते विचारा. परत आल्यावर टाके उसवले तर कोण बघणार, आणि त्या डॉक्टरने आधीच हो म्हटलंय का, ते विचारा. ऑपरेशनचे कागद हातात घेतल्याशिवाय निघू नका. प्रवासविमा साधारणपणे हौसेच्या ऑपरेशनमधली गुंतागुंत भरून देत नाही, बारीक अक्षरं वाचा. भारतात डॉक्टर चुकला तर ग्राहक न्यायालयाचा रस्ता तरी आहे. बँकॉकमधल्या क्लिनिकवर बार्शीत बसून दावा लावून दाखवा! आणि जाहिरातीबद्दल एक : आपल्याकडच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी जाहिरात करून पेशंट मिळवायला मनाई आहे. रीलमध्ये नाचून ‘फिफ्टी पर्सेंट ऑफ’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे बघताना एवढं लक्षात ठेवा.

हॉस्टेलवरच्या त्या दिवशी डॉक्टरांनी खर्च सांगितला नाही. त्या मुलीला, म्हणजे सगळ्या हॉललाच, त्यांनी विचारलं, ‘तुमच्यापैकी किती जणींनी स्वतःचं कधी आरशात नीट पाहिलंय?’ एकही हात वर गेला नाही. मग त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर व्हल्वाची चित्रं काढली. एक नाही, सात. सातही वेगळी. खाली लिहिलं, ‘सगळ्या माझ्या ओपीडीतल्या, सगळ्या ठणठणीत.’ रेक्टर मॅडम खिडकीचे पडदे ओढायला उठल्या, कारण समोरच मुलांच्या हॉस्टेलची गच्ची होती.

चहाच्या वेळी डबा पुन्हा फिरवला. शेवटची चिठ्ठी निघाली, ‘आरसा केवढा लागतो?’

‘पावडरच्या डबीतला चालेल,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘दिवा मात्र चांगला लावा.’